उपासाच्या गावाचा बेत

नाखरेकाकांबरोबर कुठेही जायचं असलं तर आधी एकदा त्यांच्या हॉलमध्ये बसून जाऊन यावं लागे. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, काकू चहा ठेवतायत, आणि काका उभं राहून सांगतायत की गाडी या फलाटावर येईल, आपला डबा इथे थांबेल, उतरल्यावर डावीकडे टॉयलेट आहे पण तिथे नाणं लागतं, म्हणून जरा पुढच्या बेकरीत कॉफी घ्यायची, त्यांचं टॉयलेट फुकट आहे. एवढं ऐकल्यावर त्या गावाला प्रत्यक्ष जायचं काही कारण उरत नसे. तरी आम्ही जायचो, आणि बेकरी तिथेच असायची.

माझा स्वभाव याच्या नेमका उलटा. मी पिशवीत चार्जर टाकते आणि निघते. त्यामुळे सुधाकर नाखरे या गृहस्थांचा मला आधी राग यायचा, मग हसू यायचं, आणि आता ते नाहीत तर त्यांची आठवण फलाटांवरच जास्त येते.

मी पुण्याहून जर्मनीतल्या बॉबलिंगेनला नोकरीसाठी आले तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी माझा नंबर त्यांना दिला होता. मी न सांगता ते स्टेशनवर हजर. डोक्याला माकडटोपी, हातात थर्मास. घरी पोचवून झाल्यावर त्यांनी मला ऑफिसचा रस्ता समजावून सांगितला. कुठल्या दारातून चढायचं, म्हणजे उतरल्यावर जिना समोर येतो, इथपर्यंत. मी विचारलं, काका, तुम्ही त्या बाजूला कामाला होतात का? तर म्हणाले, नाही गं, काल रविवार होता, चालून बघितला. माझ्या ऑफिसचा रस्ता माझ्याआधी चालून बघणारा हा माणूस मला त्या दिवशी फार आगाऊ वाटला होता.

ते गेर्लिंगेनला राहायचे आणि जवळच्याच एका मोठ्या कंपनीत टेस्टिंगला होते. गाडीत बसणारे छोटे छोटे पार्ट त्यांच्याकडे यायचे. काका ते हलवत, तापवत, गोठवत, खारं पाणी मारत, आणि मोडेपर्यंत सोडत नसत. चिंचवडला असल्यापासून त्यांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, वस्तू कुठे मोडणार ते कळलं की अर्धी काळजी मिटते. मंडळाच्या सहलीत वाऱ्यामुळे बोट बंद झाली की लोक हताश होऊन काकांकडे बघत. काका तोवर जवळच्या कुठल्यातरी म्युझियमच्या दाराकडे चालायला लागलेले असत. लोक त्यांची टिंगल करत, नकला करत, आणि घरून कुणी आईवडील यायचे झाले की पहिला फोन त्यांनाच करत.

या सगळ्यात काकू कुठे होत्या? काकू मागून चालत होत्या. शुभदाकाकू ही बाई एरवी कमी नव्हती. किंडरगार्टनमध्ये वर्गभर पोरं सांभाळायची, त्यांच्या आज्यांशी अस्सल श्वाबी बोलीत भांडायची. पण घराबाहेर प्रवासाला पाऊल टाकलं की पासपोर्ट काकांच्या खिशात, तिकीट काकांच्या फोनमध्ये, आणि काकूंचं लक्ष खिडकीबाहेर. एकदा मी विचारलं, काकू, आपण कुठल्या स्टेशनला उतरतोय? त्या शांतपणे म्हणाल्या, हे उठले की उठायचं. जर्मनीत इतकी वर्षं काढून त्यांनी एक तिकीट स्वतः काढलं नव्हतं. त्याची त्यांना लाज नव्हती. उलट संसारातली ती एक चैन होती.

काकू एकादशी करत. दोन्ही पंधरवड्यांतल्या. काका करत नसत, पण एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण त्यांनी न करताच सार्थ केली होती. खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. सकाळी उपासाचा डबा घेऊन ते ऑफिसला जात आणि कॅन्टीनमध्ये वर आणखी जर्मन जेवण घेत.

अशाच एका एकादशीला त्यांच्या टेबलावर पेरू देशातला एक नवा सहकारी बसला होता. डब्यातला लाडू बघून त्याचा घास हातातच राहिला. त्याची आजी इंकांच्या त्या जुन्या दरीतली, उरुबांबा नदीच्या काठची. ती याच राजगिऱ्याच्या लाह्या फोडून गोडाच्या वड्या करायची. मग त्याने काकांचा सबंध डबा वाचून दाखवला. बटाटा आमचा. रताळं आमच्या बाजूचं. शेंगदाणा आमच्या बाजूचा. मिरचीसुद्धा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद डोंगर उतरून खाली जंगलात गेलं की मिळतो.

काका घरी आले ते लढाई जिंकल्यासारखे. मी शनिवारच्या जेवणाला गेले होते तेव्हा त्यांनी मला सगळं पुन्हा ऐकवलं. वरीचे तांदूळ तेवढे आपले, म्हणाले, बाकी हिची एकादशी इंका लोकांची आहे. काकू चिडतील अशी त्यांची आशा असावी. काकूंनी त्यांच्या पानात कीस वाढला आणि म्हणाल्या, असेना. देवाला चाललं ना इतकी वर्षं?

मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण एकदा जायला पाहिजे तिकडे. इतकी वर्षं ज्याचं खाल्लं त्याचं घर बघावं माणसाने."

काका वाटी हातात धरून बसून राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, दर सुट्टीला ते विचारत, शुभा, कुठे जायचं? आणि त्या म्हणत, तुम्ही न्याल तिथे. पहिल्यांदाच काकूंनी कुठे जायचं ते स्वतःहून सांगितलं होतं.

मग काय विचारता. काकांच्या हॉलमधल्या टीव्हीवर इंकांची दरी उघडली ती काही महिने मिटलीच नाही. काकांना आता कळेना की जास्त आवडतंय काय, ते इंका राजे की त्यांचे इंजिनियर. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, प्रत्येक पायरीच्या पोटात दगड, मग खडी, मग वाळू, मग माती. पाणी मुरतं पण भिंत फुटत नाही. मोराय नावाच्या जागी तर गोल गोल उतरत गेलेल्या पायऱ्या, वरच्या पायरीला थंडी आणि खालच्या पायरीला ऊब. कुठलं पीक कुठवर तग धरतं ते तिथे बघत असावेत, असं म्हणतात. काकांच्या दृष्टीने ती त्यांच्याच खात्यातली मंडळी निघाली. आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली होती. विमान कुस्कोला उतरतं आणि कुस्को दरीपेक्षा उंच आहे. लोक कुस्कोतच मुक्काम करतात आणि विरळ हवेने डोकं धरून बसतात. काका म्हणत, आल्झो, म्हणजे तर मग, उतरलो की थेट खाली दरीत जायचं, तिथे श्वास जमवायचा, मग वर यायचं. हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. मलाही बरोबर चल म्हणाले. माझी सुट्टी जानेवारीतच ऑफिसला कळवून टाकायला लावली.

पण काकूंचं रक्त पूर्वी एकदा कमी झालं होतं, आणि काकांना त्या उंचीची धास्ती. टेस्ट घेतल्याशिवाय ते काही सोडणार नव्हते. जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर त्सुगश्पित्झं, त्याचा माथा आणि ती दरी उंचीला जवळपास सारखीच. झालं. एका शनिवारी माझी गाडी, मी ड्रायव्हर, मागे काका आणि काकू, आणि काकूंच्या मांडीवर दशम्यांचा डबा. खालच्या तळ्यापासून केबलकार निघते ती थेट माथ्यावर. काकांनी काकूंच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला. केबलकारमधले लोक तळं बघत होते आणि काका बायकोचं बोट.

वर गेल्यावर काकूंना काहीच झालं नाही. त्या ताडताड जिने चढल्या, कठड्यापाशी उभं राहून चार देशांचे डोंगर बघितले, पोटभर दशमी खाल्ली. काका खूश. ते बाकावर बसून होते. जरा दम लागलाय, म्हणाले, काल झोप नव्हती. काकूंनी चेष्टेत स्वतःच्या बोटावरचा चिमटा काढला आणि त्यांच्या बोटाला लावला. म्हणाल्या, आता साहेबांची टेस्ट. त्या चिमट्याकडे बघत राहिल्या. मग तो काढला, स्वतःच्या हातावर घासून पुसला, पुन्हा लावला. आकडा तितकाच कमी. काकांनी तो आकडा वाचला आणि बाजूला वळून बर्फाकडे बघायला लागले. उतरताना केबलकारमध्ये ते मला एवढंच म्हणाले, "रेवती, मी चुकीच्या पार्टची टेस्ट घेत होतो."

पुढचे दवाखाने, तपासण्या मी सांगत बसत नाही. काकांची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. औषधांनी वेग कमी होतो, माघार होत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. जर्मन डॉक्टर सरळ सांगतात, आणि काकांना ते आवडलं. काही महिन्यांत घरात ऑक्सिजनचं मशिन आलं. त्याची नळी नाकाला लावून ते हॉलमध्ये बसत आणि मशिनचा आवाज कुठल्या बेअरिंगमुळे येतो ते येणाऱ्याला सांगत.

काकूंनी सहलीचं नाव काढणं सोडलं. टीव्हीवर आता बातम्या लागत.

त्या वर्षीच्या आषाढी एकादशीला मी त्यांच्याकडे होते. जेवणं झाली होती. काकांनी नळी सारखी केली आणि म्हणाले, शुभा, तू त्या दरीत जाऊन यायचंस. एकटीने. काकूंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. तेव्हा काकूंनी हातातली ताटं खाली ठेवली.

"अहो, तुम्हाला या अवस्थेत टाकून मी डोंगर बघायला जाऊ? मला साधं फ्रँकफुर्टला जाता येत नाही. आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे," काका म्हणाले. मशिन चालू होतं, एकेका वाक्याला ते थांबत होते. "टेस्टिंगचा पहिला नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी गेल्यावर तुला पहिल्यांदा एकटीने प्रवास करायचा आणि पहिल्यांदा रिकाम्या घरात परत यायचं. दोन्ही एकदम नको. आधी एकटी जाऊन ये. मी आहे तोवर. परत येशील तेव्हा दार मी उघडीन."

काकू आत निघून गेल्या. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मी उठून आत जाऊ लागले तर काकांनी मला बस म्हणून खुणावलं. मग हळू आवाजात म्हणाले, तूसुद्धा जायचं नाहीस बरं का. मला वाईट वाटलं. माझी तर सुट्टी, माझी तर हौस. ते म्हणाले, तू असलीस तर ती तुझ्यामागून चालेल. खरं होतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि रडूही आलं, आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी उरलेले लाडू डब्यात भरत बसले.

काकूंनी हो म्हणायला दिवाळी उजाडली. त्यांची मुलगी मिहिका हॅम्बुर्गला असते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, बाबांजवळ मी येऊन राहीन, आणि आईचं बुकिंग मी इथून करून टाकते, कशाला एवढा त्रास. काका म्हणाले, राहायला ये, बुकिंगला हात लावू नकोस. तिने जर्मनमध्ये बरंच ऐकवलं. काका शेवटी "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, एवढं जर्मनमध्ये म्हणाले आणि फोन ठेवला.

मग तो हिवाळा. मी शनिवारी जाई तेव्हा लॅपटॉप काकूंच्या पुढ्यात असे आणि काका समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून. मी आधी समजले थंडी वाजतेय. नंतर लक्षात आलं, ते हात लॅपटॉपकडे जाऊ नयेत म्हणून ही तजवीज होती. काकूंनी विचारलं तर सांगत. न विचारता एक अक्षर नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेलं हे सगळ्यात अवघड काम असावं.

पेरूच्या राजधानीचं, लिमाचं तिकीट काकूंनी असं काढलं की संध्याकाळी उतरायचं आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर विमानतळावर बसायची वेळ. काकांच्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं होतं. ते बोलले नाहीत. मला मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, मला रात्रभर झोप नाही, पण तू तिला सांगू नकोस. दोन दिवसांनी काकूंचं काकूंनाच दिसलं. त्यांनी दार लावून घेतलं, विमान कंपनीला फोन लावला आणि जर्मनमध्ये हुज्जत घालून तिकीट बदलून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते. काकांनी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, काही नाही, जमलं. काकांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं की सुलटं ते मी बघितलं नाही, पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

काकूंनी काकांचा बेतही बदलला. इंकांचं ते प्रसिद्ध माचू पिचू काढून टाकलं. काका हादरले. इतक्या लांब जाऊन माचू पिचू नाही? काकू म्हणाल्या, मला किल्ला बघायचा नाही, शेत बघायचंय. मे महिन्यात तिथे बटाट्याची काढणी असते, एका शेतकरी कुटुंबाकडे राहता येतं, ते मी ठरवून टाकलंय. काकांच्या तोंडावर आलेलं वाक्य त्यांनी गिळलेलं मला स्पष्ट दिसलं. मग म्हणाले, बरं, पायरीच्या भिंतीतून पाणी कुठून निघतं तेवढं बघून ये. काकू म्हणाल्या, वेळ मिळाला तर.

काकू गेल्या आणि आल्या. आल्या तेव्हा दार काकांनीच उघडलं, मिहिकाला उठू दिलं नाही. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं, कारण तोवर मी नोकरी बदलून ब्राउनश्वाइगला गेले होते. पुढच्याच हिवाळ्यात काका गेले. मला पोचायला जमलं नाही. बर्फ होतं, गाड्या बंद होत्या, आणि या वेळी दुसरा रस्ता सांगायला कुणी नव्हतं. त्यामुळे माझ्याकडे शेवटचे काका आहेत ते मे महिन्यातल्या त्या सकाळचे, श्टुटगार्टच्या स्टेशनवरचे.

काकू फ्रँकफुर्टच्या विमानतळाला निघाल्या होत्या. मिहिका गाडी पार्किंगला लावायला गेलेली. काका फलाटावरच्या बाकावर, शेजारी चाकांच्या पिशवीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. मी त्यांच्या बाजूला. काकू समोर उभ्या, पाठीवर सॅक, पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये. नवीन बूट घातलेल्या काकू मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या वाटत होत्या. आम्ही औषधं, दशम्या, उन्हाची टोपी असं काहीबाही बोलत होतो आणि तेवढ्यात घोषणा झाली. त्यांची गाडी रद्द.

फलाटावर नेहमीची चुळबुळ सुरू झाली. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी काकांकडे बघितलं, आणि ते बघणं मी विसरणार नाही, कारण त्यात सबंध संसार होता. आता हे उठतील, असं ते बघणं होतं. मला पर्याय माहीत होता. काकांना तर तो तीन प्रकारांनी माहीत असणार. मी तोंड उघडलं. काकांनी माझं मनगट धरलं. त्या हातात आता जोर राहिला नव्हता, तरी त्यांनी घट्ट धरलं, आणि काकूंकडे न बघता ते समोरच्या भिंतीवरची कसलीशी जाहिरात वाचायला लागले. नळीतून येणारा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तो भरभर चालला होता.

काकू थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि लाल टोपीवाल्या रेल्वेच्या माणसाला जाऊन गाठलं. लांबून मला त्यांचे हातवारे दिसत होते. तो माणूस काहीतरी सांगत होता, त्या मान हलवत होत्या, पुन्हा विचारत होत्या. परत आल्या त्या चालत नाही, जवळजवळ पळत. म्हणाल्या, मानहाइमला बदलायचं, गाडी पलीकडच्या फलाटावर लागलीये, दोनच मिनिटं आहेत. सॅकचा पट्टा ओढला, काकांच्या खांद्याला हात लावला, "औषध घ्या वेळेवर, येते," म्हणाल्या, आणि गर्दीत शिरल्या. निरोपाचं असं काही झालंच नाही. त्यांची पाठ दिसत राहिली, मग नुसती सॅक, मग पलीकडच्या गाडीची दारं लागली आणि गाडी हलली.

मी काकांकडे वळायला घाबरत होते. इतकी वर्षं बरोबर काढलेल्या बाईने असं धावत जावं, निदान एकदा थांबावं, असं मला वाटून गेलं. काकांनी माझं मनगट सोडलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने."